मासे मला ओळखतात

दहिसर पूर्व, १९ फेब्रुवारी

विमले,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस. मला वाटलं तुझ्या कुडाळात रेंज नसेल. दिशाने माझा फोन बघितला आणि म्हणाली, "आई, रेंज आहे. मावशीलाच तू नकोयस." माझ्याच पोटची पोर, पण बोलणं बघ. कोणावर गेली कोण जाणे.

ठीक आहे. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही, म्हणून हे पत्र. चौथीनंतर मी फक्त पोळी-भाजीच्या ऑर्डरी लिहिल्यात, तेव्हा अक्षराला हसू नकोस. वर आशीर्वाद लिहायची पद्धत असते. पण तू ते घेणार नाहीस, आणि वाया घालवायचं माझ्या जिवावर येतं.

आधीच सांगते, मी माफी मागायला लिहीत नाहीये. तुझ्या प्रांजलच्या लग्नानंतर तिचे सासरचे पहिल्यांदा तुझ्याकडे जेवायला आले. मी तुकडा तोंडात टाकला आणि म्हटलं, सुरमई कालची आहे. बस, एवढंच. मी हळू बोलले होते. माझा हळू आवाजसुद्धा मांडवाच्या बाहेर जातो, त्याला मी काय करू? विहीणबाईंचा हात ताटावरच थांबला, लवू भावोजी भाताकडे बघत बसले आणि तू आत जाऊन डोळ्याला पदर लावलास. पण सुरमई कालची होती, विमले. मी सोलकढीबद्दल काही बोलले का? भाजणीच्या वड्यांबद्दल? नाही ना? जे होतं तेच बोलले.

तर लिहायचं कारण वेगळं आहे. माझं इथे तुझ्यावाचून झकास चाललंय हे तुला कळायला हवं. आमच्या बिल्डिंगमागचं तळं आठवतं? तू त्याला डबकं म्हणाली होतीस. उथळ आहे, मधोमध उभं राहिलं तर कमरेपर्यंत पाणी, पण तळं आहे. त्यात रोहू आहेत, कटला आहेत, चिलापी तर मोजू नये एवढ्या. माझ्या पोळी-भाजी केंद्रात रोज पोळ्या उरतात, भात उरतो. अन्न मला कचऱ्यात टाकवत नाही. मी ते सगळं कुस्करून पहाटे माशांना घालते. आणि खरं सांगते, मी पायरीवर पाय ठेवला की सगळे तोंड वर काढून हजर. तोंड उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात. शाळेत बाई आल्या की पोरं कशी ओरडतात, तसं. दुपारी दुसरं कोणी गेलं तर एक मासा वर येत नाही. समोरच्या टॉवरमधल्या सुहासिनी मॅडम स्वतः उभ्या राहून बघून आल्या.

थोडक्यात, मासे मला ओळखतात. मुक्या जिवांना माणसाची पारख असते. एवढंच कळवायचं होतं.

तुझी (अजून असलीस तर)
शकुताई


दहिसर, १४ मार्च

विमले,

पत्राचं उत्तर नाही. हरकत नाही, मी उत्तरासाठी लिहिलंच नव्हतं.

इथे मोठी गंमत झालीये. दिशाने माझा आणि माशांचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. आता पहाटे तळ्यावर ही गर्दी. आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश, ज्यांनी गळणारी टाकी दुरुस्त करायला दोन पावसाळे घेतले, त्यांनी तळ्यावर बाकडं दोन दिवसांत आणून ठेवलं आणि वर बोर्ड लावला, मत्स्यसेवा कट्टा. खाली स्वतःचं नाव. माझं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "शकुताई, सेवेला नाव कशाला लागतं?" मी म्हटलं, "मग तुमचं कोणी लिहिलं, माशांनी?"

सगळे काही ना काही आणतात. कोणी पाव, कोणी शेव, कोणी घरातली शिळी खिचडी. सुहासिनी मॅडम ब्राऊन ब्रेड आणतात. मासे काय डाएटवर आहेत? एक बाळा म्हणून आहे, रिक्षा चालवतो. त्याला कोणा ज्योतिषाने सांगितलं की शनी कडक आहे, माशांना कणकेचे गोळे घाल. तो गोळे घेतो माझ्याच केंद्रातून. मी नको म्हटलं तरी हळद लावून पिवळे करून मागतो. शनीला पिवळं आवडतं हे याला कोणी सांगितलं, देव जाणे.

पाणीही छान हिरवं झालंय. आधी तळाचा चिखल दिसायचा, आता हात घातला तर मनगट दिसत नाही. चंद्रप्रकाश म्हणतात, हे नैसर्गिक आहे, तळ्याला तेज आलंय.

मी सगळ्यांच्या आधी जाते आणि थोडं बोलून घेते माशांशी. दिशाचं स्थळ, गुडघा, गॅसचा भाव. तुझ्याबद्दलही सांगते. ते सगळं ऐकून घेतात. मधे बोलत नाहीत आणि उठून आत जात नाहीत.

तुझी (बघ बाई)
शकुताई


दहिसर, ३ एप्रिल

विमला लवू परब हिस,

माझं पत्र मलाच परत आलं. मला वाटलं पत्ता चुकला. मग उलटं करून बघितलं तर मागे तुझ्या अक्षरात एक ओळ. "मासे तुका वळखनत नाय. धापे टाकतत."

बस? चार महिन्यांनी सख्ख्या बहिणीला लिहायला एवढंच सापडलं? आणि तेही माझ्याच कागदावर. नवा कागदसुद्धा माझ्यासाठी फाडवेना.

लवू भावोजींनी शेततळ्यात रोहूची पिल्लं सोडली म्हणून तू काय माशांची डॉक्टरीण झालीस? मी लहानपणापासून मासे खातेय. माशाच्या डोळ्यातलं पाणी बघून सांगते किती वाजता जाळ्यात आला. तूच खाडीवर चिखल बघून रडायचीस, मी तुला कडेवर घेऊन न्यायचे. आता मला शिकवतेस.

तुला जळायला झालंय, दुसरं काही नाही. आपल्या ताईला कोणीतरी विचारतंय, तेही न बोलणारे, हे तुला बघवत नाही.

आणि धापा कसल्या टाकतील? धापा टाकायला जिना चढावा लागतो. ते तर पाण्यात लोळतात दिवसभर. हे मी विचारत नाहीये. सांगतेय.

शकुंतला


दहिसर, १२ एप्रिल

विमल,

मी एक केलं. कोणाला सांगू नकोस. सांगशील कोणाला म्हणा, तिथे मला ओळखतंच कोण.

काल पहाटे मी पोळ्या न घेता गेले. पायरीवर नाही गेले. उंबराच्या मागे लपले, डोक्यावरून काळी शाल. म्हटलं बघूया, मी नसले तर हे काय करतात. आधी कुत्रं भुंकलं. मग वॉचमन टॉर्च घेऊन आला, "कौन है?" मी म्हटलं, "मर तिकडे, मी आहे." तो म्हणाला, "काकी, झाड के पीछे क्या कर रहे हो?" म्हटलं, "माशांवर नजर ठेवतेय." तो टॉर्च विझवून निघून गेला. आता माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतो.

उजाडायला लागलं तेव्हा दिसलं.

सगळे वर होते, विमल. मी नसतानाच. पायरीकडे तोंड करून नाही, कशीही, कुठेही, अख्ख्या तळ्यात. तोंड उघडत होते, मिटत होते. कोणाकडेच बघत नव्हते. मी बाहेर आले, पायरीवर उभी राहिले, "ए, मी आलेय" म्हटलं. एकानेही मान वळवली नाही. बाबांचा दमा आठवतो तुला? शेवटच्या दिवसांत खाटेवर बसून कसे तोंड उघडायचे? कोण आलंय, कोण गेलंय, त्यांना कशाचं भान नसायचं. तसं.

एवढे दिवस मी त्यांना दिशाचं स्थळ सांगत होते.

काठाला एक रोहू मरून पडला होता, हातभर. मी त्याचा डोळा बघितला. ताजा होता. मग दिशाला तक्रार करायला लावली, तेव्हा महानगरपालिकेचा एक माणूस आला, बाटलीत पाणी भरून घेऊन गेला. म्हणाला, रिपोर्ट येईल. तो येईपर्यंत मासे थांबतील का विचारलं तर हसला. मला हसण्यासारखं काही बोलल्याचं आठवत नाही.

दुपारी जाऊन बघितलं तर सगळे खाली, मजेत. संध्याकाळीही बरे. पहाटेच का असं होतं?

हे मात्र विचारतेय.

शकुताई

(मागची बाजू कोरी सोडलीये. तुझा कागद वाचेल.)


दहिसर, २६ एप्रिल

विमल,

पत्र परत आलं, मागची बाजू भरून. एकदा दिशाने वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. कळलं ते मी माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर सांग.

माशाला पाण्यातली हवा लागते. पाणी हिरवं करणारं ते शेवाळ दिवसा ऊन खाऊन पाण्यात हवा सोडतं आणि रात्री तीच हवा स्वतः ओढतं. वर आपली पोळी, पाव, खिचडी तळाशी कुजते, तीही हवा खाते. खतासारखी लागून शेवाळ आणखी माजवते. पहाटेपर्यंत माशांना काही उरत नाही, म्हणून ते पृष्ठभागावर तोंड लावून उभे. म्हणजे मी रोज पहाटे गुदमरणाऱ्याला आणखी पोळी भरवत होते. आणि तो "ओळखतो" म्हणून खूश होत होते.

तू "मूर्ख" असं लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस तर चाललं असतं.

पोळी मी त्याच दिवशी बंद केली. उरलेलं आता तबेल्यात देते, तिथल्या म्हशी कोणाचा व्हिडिओ काढू देत नाहीत. पण बाकीच्यांचं काय करू? मी सगळ्यांना सरळ सांगितलं. माझी पद्धत तुला माहीत आहे.

सुहासिनी मॅडमना म्हटलं, "तुमच्या ब्रेडने मासे मरतायत." त्या म्हणाल्या, "माझा होल व्हीट असतो." चंद्रप्रकाशना म्हटलं, बोर्ड काढा, मत्स्यसेवा नाही, मत्स्यहत्या चाललीये. ते म्हणाले, "शकुताई, सुरुवात तुम्हीच केलीत, आता आमचं नाव झालं म्हणून तुम्हाला खुपतंय." बाळा रिक्षावाल्याला म्हटलं, तुझा शनी माशांच्या उरावर कशाला घालतोस? तो माझ्याकडून गोळे घ्यायचा बंद झाला आणि दुसरीकडून मैद्याचे आणायला लागला, ते तर आणखी चिकट. जितकं खरं बोलावं तितका पाव वाढतो. परवा आमच्या भजनी मंडळानेही मला निरोप न देता भजन उरकलं.

मी खोटं काय बोलले, सांग ना. सगळं होतं तेच बोलले. आणि लोक असे बघतात, जसं काही मीच मासे मारलेत.

तू लिहिलंस की दोन दिवस ढग आले, वारा पडला, तर सांभाळ. ऊन नसेल तर शेवाळ हवा करणार नाही, ती पहाट सगळ्यात वाईट. तोंडं वर दिसली की पाणी उंचावरून पाड, जितकं फेसाळेल तितकं बरं. मी रोज आकाश बघतेय. इतकं आकाश मी कपडे वाळत घालतानाही बघत नाही.

शकुताई


दहिसर, १५ मे

विमल,

झालं. काल पहाटे झालं. नीट सांगते.

दोन दिवस ढग होते. पाऊस नाही, वारा नाही, अंगाला नुसता चिकटा. पहाटे गेले तर अख्खं तळं तोंडांनी भरलेलं. चिलापीसुद्धा वर, ज्या गटारातही जगतात. काही रोहू कुशीवर पडून हलत होते. पाण्याला उकडलेल्या कोबीचा वास.

मी धावत केंद्रात गेले. पोळ्या लाटायला आलेल्या चारही बायकांना म्हटलं, लाटणी ठेवा, पातेली घ्या. कशाला म्हणून कोणी विचारलं नाही, माझा चेहरा बघितला असेल. शेजारच्या दोघी गाऊनवर ओढणी टाकून आल्या. आम्ही सगळ्या कमरेपर्यंत पाण्यात. पातेलं भरायचं, डोक्याच्या वर न्यायचं, ओतायचं. तळ्यातलं पाणी तळ्यात. माझे खांदे आता भांडं घासायच्या लायकीचे राहिले नाहीत.

पण आम्ही जेमतेम सात जणी, आणि तळं केवढं. तेवढ्यात फिरायला निघालेले लोक जमायला लागले. पहिला कोणीतरी विचारतो, "काकी, काय हरवलं?" मग सुहासिनी मॅडम आल्या, हातात ब्रेडची पिशवी. पायरीवर उभ्या राहून मोठ्या भक्तिभावाने विचारतात, "शकुताई, कसलं व्रत आहे हो हे?"

विमल, मी तोंड उघडलं. खरं तेच बोलणार होते. पाण्यात हवा नाही, तुमच्या पावानेच संपवली, मूर्ख बाई, पिशवी फेक आणि आत ये. सगळं जिभेवर आलं होतं. आणि मला दिसलं की हे मी बोलले की ती वळणार आणि घरी जाणार. तुझ्या विहीणबाईंचा हात कसा थांबला होता, तसाच हिचा पाय पायरीवर थांबला होता.

मी म्हटलं, "तळ्याचं व्रत."

"आम्हाला नाही माहीत."

"तुमच्याकडे कुठून असणार? आमच्या कोकणातलं आहे." देव मला माफ करो, कोकणाने पण. "ढग आले की करतात. पाणी डोक्याच्या वरून ओतायचं. जितका फेस येईल तितकं फळ."

"नैवेद्य काय असतो?"

"नैवेद्य नाही. हेच तर कडक आहे. तळ्यात अन्नाचा कण गेला तर व्रत मोडतं. ओतणाऱ्याचंच नाही, सगळ्यांचं मोडतं."

मॅडमनी ब्रेडची पिशवी बाकड्यावर ठेवली, पंजाबी ड्रेसचा पायजमा वर धरला आणि उतरल्या. कोणाच्या हातात बादली, कोणाच्या हातात कळशी, एक जण घरातला पूजेचा तांब्या घेऊन आला, त्याला मी परत पाठवून बादली आणायला लावली. बाळा रिक्षा लावून आला. हातात गोळ्यांचा डबा. म्हणाला, "शनीला चालतं का हे?" म्हटलं, "शनीचंच आहे. सगळ्यात जास्त फळ पुरुषांना, आणि तेही मधोमध उभं राहणाऱ्यांना." तो डबा ठेवून थेट मधोमध.

चंद्रप्रकाश आले तेव्हा तळ्यात निम्मी सोसायटी होती. आपल्या नावाच्या कट्ट्यावर आपल्यालाच कोणी विचारलं नाही हे बघून त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "तुमची वाट बघत होतो. या व्रतात मोठी धार लागते, ती यजमानानेच सोडायची असते." त्यांनी जाऊन सोसायटीच्या टाकीचा पंप आणला, पाइप उंच धरला आणि ऊन पडेपर्यंत हललेसुद्धा नाहीत. कोणीतरी त्यांना गंधही लावलं.

ऊन आलं. एक एक तोंड मिटलं आणि खाली गेलं. बरेच रोहू मेले, ते आम्ही बाहेर काढले. पण जास्त वाचले. मी पायरीवर बसले आणि रडले. सगळ्यांना वाटलं व्रताचं आहे.

आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं खोटं बोलले, आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी माझं ऐकलं. याचं काय करायचं असतं, विमल? तुला हे जमतं, म्हणून विचारतेय.

तुझी
शकुताई


दहिसर, २९ मे

विमल,

फोनवर तुझं नाव दिसलं तेव्हा मी दोन पोळ्या जाळल्या. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "शकुताय, पाणी आता कसा आसा?" मी सगळं सांगितलं. पंपाचं सांगितलं तेव्हा तू हसलीस. लवू भावोजीही मागून हसले, म्हणजे फोन स्पीकरवर होता, कळतं मला. मग तू म्हणालीस, "एवढ्या लोकांना गोड खोटं सांगायला जमलं ना? मग त्या दिवशी सुरमई बरी आहे म्हणायला तुझ्या जिभेला काय झालं होतं?" आणि फोन ठेवलास. मी लगेच लावला तर परत ब्लॉक.

मी चार दिवस विचार केला. आधी इथलं सांगते.

तळ्यात आता कोणी काही टाकत नाही. टाकलं तर दुसरे अंगावर धावतात, सगळ्यांचं व्रत मोडेल म्हणून. सुहासिनी मॅडमनी एका नव्या माणसाच्या हातातला पाव काढून घेतला. तो म्हणाला, शास्त्रात असं कुठे आहे? त्या म्हणाल्या, कोकणात आहे. चंद्रप्रकाश रोज पहाटे पंप लावतात आणि यजमान म्हणवून घेतात. बोर्ड बदललाय, आता "तळेव्रत कट्टा". खाली नाव तेच. बाळाच्या रिक्षाला नवं टायर मिळालं, तो ते शनीच्या खात्यावर टाकतो. पाणी अजून हिरवं आहे, पण हात घातला की मनगट दिसतं.

काल पहाटे मी एकटी गेले. पायरीवर उभी राहिले. पाणी सपाट. एकाचंही तोंड वर नाही. बराच वेळ थांबले. "ए" म्हटलं. कोणी आलं नाही. मासे मला अजिबात ओळखत नाहीत, विमल, आणि मी तिथे उभी राहून एकटीच हसत होते. वॉचमन लांबून बघून परत गेला.

आता तुझं. तुला जे हवं ते मी फोनवर बोलले असते, पण तू फोन ठेवलास. म्हणून लिहून देते. हा कागद परत पाठवू नकोस. विहीणबाई आल्या की त्यांना वाचून दाखव, मोठ्याने, माझ्या हळू आवाजात.

सुरमई ताजी होती.

तुझी
शकुताई

ता. क. सोलकढी चांगली झाली होती. हे व्रतातलं नाही, खरंच चांगली होती. आता ब्लॉक काढ.